अर्डुइनो-ईएसपीवरून रिले चालवायचाय? आधी तो बंद ठेवायला शिका

मागच्या मे महिन्यात दुपारी आमच्याकडे लाईट गेली, तासाभरानं आली, आणि आल्याबरोबर गच्चीवरच्या टाकीची मोटर आपोआप सुरू झाली. टाकी भरलेलीच होती. घरी कुणी नाही, मी ऑफिसात, पाणी गच्चीवरून थेट खाली, आणि खालच्या काकूंनी अंगणात घातलेलं कुरडयांचं सगळं वाळवण भिजलं. मोटर चालवणारं सर्किट मीच बनवलेलं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतंच.

उघडून बघितलं तर दोन चुका सापडल्या. एक म्हणजे रिलेचा, म्हणजे छोट्या करंटनं मोठा लोड चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, ट्रान्झिस्टर मी ईएसपी८२६६ या छोट्या वायफायवाल्या कंट्रोलर बोर्डाच्या डी-झीरो पिनेला जोडला होता, आणि ही पिन बोर्ड चालू होताना थोडा वेळ हाय असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं. आधीही लाईट आली की रिले एकदा टिक करायचा, मी ऐकून सोडून द्यायचो. त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं, मोटर सुरू होताना अजून खाली गेलं, बोर्ड रिसेट झाला, परत टिक, परत मोटर, परत रिसेट, असं किती वेळा झालं देव जाणे. दुसरी चूक म्हणजे १० अँपिअर लिहिलेला तो निळा छोटा रिले थेट एक एचपीच्या मोटरला लावलेला, त्याचे कॉन्टॅक्ट त्या टिकटिकीत एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. कोड बरोबर होता. कोडला विचारतंय कोण, कॉन्टॅक्ट चिकटल्यावर?

तेव्हापासून मी रिलेचं सर्किट उलट्या बाजूनं बघतो. चालू तर कुणाचाही होतो. बोर्ड रिसेट होतोय, कोड अडकलाय, वायर निघालीय, व्होल्टेज पडलंय, अशा वेळी तो बंदच राहतो का, एवढं बघायचं. शेतीपंपाचे ऑटो स्विच काढा असं महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगतंय ते याच जातीच्या कारणासाठी, लाईट आली की गावातले सगळे पंप एका क्षणी सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर सगळा लोड एकदम पडतो.

तर आता पाण्याची मोटर हेच उदाहरण धरून पहिल्यापासून करू. दिवा, पंखा असं काही चालवायचं असेल तरी ट्रान्झिस्टरपर्यंतचा भाग तोच आहे.

रिलेच्या आत दोन घरं असतात

एका घरात कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं, त्याला ५ किंवा १२ व्होल्ट दिले की चुंबक बनतं. दुसऱ्या घरात पत्र्याचा एक खटका, तो चुंबकानं ओढला जातो. खटक्याचे तीन पाय: कॉमन, एनओ (नॉर्मली ओपन) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड). कॉईलला करंट नसताना कॉमन एनसीला टेकलेला, करंट दिला की एनओला. मोटर कायम एनओवरच घ्यायची, म्हणजे सर्किट मेलं तर मोटर बंद. एनसीवर घेतलेली कामं असतात, पण तिथे लाईट जाण्या-येण्याचा नीट विचार केलेला असतो, उगाच "कोड उलटा लिहायला लागू नये" म्हणून एनसी वापरू नका.

या दोन घरांमध्ये वायरीचा काहीही संबंध नसतो, तोच रिलेचा सगळा फायदा, आणि आपण झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकं आणि तांब्याचे ठिपके असलेल्या तयार बोर्डावर, सोल्डर करताना तो घालवतो. कसं ते पुढे येईल.

पहिलं काम, कॉईल मोजा

दुकानात निळा चौकोनी रिले मागितला की बहुतेक सोंगलचा एसआरडी मिळतो. ५ व्होल्टवाल्याची कॉईल साधारण ७० ओहमची, म्हणजे ५ भागिले ७०, सुमारे ७१ मिलीअँपिअर. १२ व्होल्टवाल्याची ४०० ओहम, म्हणजे फक्त ३० मिलीअँपिअर. छापलेल्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिना तपासा, ज्या दोन पिनांमध्ये ७० किंवा ४०० च्या आसपास आकडा येतो त्या कॉईलच्या, जिथे जवळपास शून्य येतं ते कॉमन आणि एनसी, आणि उरलेली पिन एनओ.

आता कंट्रोलरची पिन किती देऊ शकते ते बघा. अर्डुइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी ला एका पिनेतून ४० मिलीअँपिअर ही शेवटची मर्यादा आहे, त्यापुढे चिप खराब होऊ शकते, रोजच्या वापराला २० धरायचे. ईएसपी८२६६ तर १२ वर थांबतो. आणि आपल्याला हवेत ७१. काही जण रिले थेट पिनेला लावतात, "माझा तर चालतोय" म्हणतात, चालतो थोडे दिवस, मग ती पिन जाते. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर.

एक सल्ला आत्ताच देऊन ठेवतो, निवडायची संधी असेल तर १२ व्होल्टचा रिले घ्या. करंट निम्म्याहून कमी, ट्रान्झिस्टर निवांत, आणि रिलेनं ओढलेल्या करंटचा धक्का कंट्रोलरच्या ५ व्होल्टला बसत नाही.

ट्रान्झिस्टर आणि बेसचा रेझिस्टर

कॉलेजच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी एसएल१०० बघितलाय, पत्र्याची टोपी घातलेला. तोही चालेल, पण आता सहज मिळतात ते बीसी५४७ आणि बीसी३३७. बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलीअँपिअर, आपले ७१ त्यात बसतात, पण अगदी कडेला. बीसी३३७ ची मर्यादा ८०० मिलीअँपिअर. किमतीत फरक असलाच तर एखाद्या रुपयाचा, मग कंजुषी कशाला. १२ व्होल्टच्या रिलेला मात्र ५४७ आरामात पुरतो.

जोडणी अशी: ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेस एका रेझिस्टरमधून कंट्रोलरच्या पिनेला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॉईलच्या एका टोकाला, कॉईलचं दुसरं टोक सप्लायच्या प्लसला. म्हणजे ट्रान्झिस्टर कॉईलच्या खाली बसतो. नवीन लोक बरेचदा उलटं करतात, कलेक्टर प्लसला आणि कॉईल एमिटर-ग्राउंडच्या मध्ये, त्यात होतं काय की कॉईलला पिनेच्या व्होल्टेजमधून ०.७ वजा करून जे उरतं तेवढंच मिळतं, ३.३ व्होल्टच्या बोर्डवर २.६, आणि ५ व्होल्टच्या रिलेला खेचायला ३.७५ पर्यंत लागू शकतात, मग रिले नुसताच मुका बसतो आणि आपण कोड तपासत बसतो.

बेसचा रेझिस्टर काढताना ट्रान्झिस्टरचा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट तो सोडतो ते) २०० आहे, ४०० आहे असलं काही धरू नका, तो आकडा ॲम्प्लिफायरसाठी. स्विच म्हणून वापरताना कलेक्टर करंटच्या विसाव्या भागाइतका करंट बेसला द्यायचा, म्हणजे तो पूर्ण दाबून चालू होतो, अर्धवट राहून तापत नाही. ७१ चा विसावा भाग साडेतीन मिलीअँपिअर. ५ व्होल्टच्या ऊनोवर ५ वजा ०.७ म्हणजे ४.३, त्याला १ के, म्हणजे १००० ओहम, लावला तर ४.३ मिलीअँपिअर, झकास. ३.३ व्होल्टच्या ईएसपीवर २.६ उरतात, तिथे ६८० ओहम लावा, ३.८ येतात. १२ व्होल्टच्या रिलेला दीड मिलीअँपिअर पुरतो, म्हणून दोन्हीकडे १ के चालेल.

पायांचा घोळ जपा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर बीसी५४७ आणि बीसी३३७ डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ए बरोबर उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर. आणि कहर म्हणजे नावात पुढे फक्त एक अक्षर वेगळं असलेला पी२एन२२२२ए परत कलेक्टर, बेस, एमिटर! त्यामुळे मल्टिमीटर डायोडवर ठेवून बघायचं, लाल वायर बेसला ठेवली की बाकी दोन्ही पायांवर ०.६ ते ०.७ दिसतं, आणि त्यातला किंचित जास्त आकडा दाखवतो तो एमिटर. अर्धा मिनिट लागतो.

ट्रान्झिस्टरचाच दुसरा प्रकार, मॉसफेट, का नाही, असं कुणीतरी विचारणारच. वापरा की, पण ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडणारा घ्या. ड्रॉवरमध्ये पडलेला आयआरएफझेड४४एन या कामाचा नाही, त्याच्या गेटला, म्हणजे बेसच्या जागेवरच्या पायाला, १० व्होल्ट लागतात, आणि २एन७००० सुद्धा ३.३ वर बेभरवशाचा. रिलेसारख्या किरकोळ कामाला साधा ट्रान्झिस्टर जास्त बिनधास्त वाटतो मला.

डायोड, आणि त्याची पट्टी

कॉईलमधला करंट एकदम तोडला की ती ऐकत नाही, तो करंट चालूच ठेवायचा हट्ट धरते आणि त्यासाठी वाटेल तेवढं व्होल्टेज बनवते, ५ व्होल्टच्या साध्या रिलेतूनसुद्धा शंभराच्या वर सहज उडी जाते. बीसी५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्ट. पहिल्या दिवशी मरत नाही तो, हळूहळू मरतो, हेच वाईट. म्हणून कॉईलच्या दोन टोकांवर आडवा एक १एन४००७ लावायचा, चंदेरी पट्टी प्लसकडे. बंद करताना कॉईलचा करंट या डायोडमधून गोल फिरून विझतो. डायोड रिलेच्या पायांना जितका चिकटून तितका चांगला, दहा सेंटिमीटर वायरनंतर लावलेला डायोड म्हणजे घराबाहेर ठेवलेलं अग्निशामक.

पट्टी उलटी लागली तर? ट्रान्झिस्टर चालू झाला की डायोडमधून सप्लाय थेट शॉर्ट, ट्रान्झिस्टर गेला. तेव्हा पहिल्यांदा सप्लाय देण्याआधी पट्टी परत एकदा बघा, मी अजूनही बोट ठेवून बघतो.

याचा एक तोटा आहे, डायोडमुळे रिले सुटायला थोडा जास्त वेळ लागतो आणि कॉन्टॅक्ट जरा रेंगाळत उघडतात, म्हणजे ठिणगी जास्त. ज्याला अजून पक्कं करायचंय त्यानं डायोडच्या सिरीजमध्ये उलट दिशेनं २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा वाहणारा डायोड) टाकावा, कलेक्टरवर १२ अधिक २४ म्हणजे ३६-३७ व्होल्ट येतील, ४५ च्या आत. आपण पुढे काँटॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट मोठा रिले, वापरणार आहोत त्यामुळे मी झेनरच्या भानगडीत पडलो नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरला जाणारा रेझिस्टर

बोर्ड चालू होत असताना, रिसेट दाबलेला असताना, प्रोग्राम अपलोड होत असताना पिना इनपुट असतात, म्हणजे हवेत लटकलेल्या. काही पिनांना आतून कमकुवत पुल-अप लागलेला असतो, म्हणजे त्या हलकेच हायकडे ओढल्या जातात. ट्रान्झिस्टरला तेवढं पुरू शकतं. म्हणून बेस आणि एमिटरच्या मध्ये एक रेझिस्टर, जो कुणी काही सांगत नसेल तेव्हा बेसला ग्राउंडला धरून ठेवेल.

सगळीकडे १० के लिहिलेलं असतं. हिशोब करून बघा: ईएसपी३२ चा आतला पुल-अप साधारण ४५ के, खाली आपला १० के, तर ३.३ व्होल्टमधले बेसवर ०.६ च्या जवळपास येतात, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या अगदी उंबरठ्यावर. ४.७ के लावला तर ०.३ येतात, विषय संपला. चालू असताना हा रेझिस्टर जेमतेम ०.१५ मिलीअँपिअर खातो, त्याचा काही त्रास नाही.

पण हा रेझिस्टर लटकलेल्या पिनेला आवरतो, बोर्डनं स्वतःहून हाय केलेल्या पिनेला नाही. माझ्या डी-झीरोचं तेच झालं. म्हणून पीन निवडणं हे वेगळं काम आहे. ईएसपी८२६६ वर डी-वन आणि डी-टू, म्हणजे जीपीआयओ ५ आणि ४, रिलेसाठी ठेवा, बाकीच्या बऱ्याच पिना सुरुवातीला काही ना काही उद्योग करतात, जीपीआयओ १ वर तर सुरू होतानाचा सगळा मजकूर सिरियलवर जातो, तिथे रिले लावला तर तो ताशासारखा वाजतो. ईएसपी३२ वर ०, २, ५, १२, १५ टाळा, ६ ते ११ फ्लॅश मेमरीला गुंतलेल्या, ३४ ते ३९ फक्त इनपुट. २५, २६, २७, ३२, ३३ यातली कुठलीही घ्या.

तयार मॉड्यूल घेतलं असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर सुटे पार्ट घेण्यापेक्षा तयार मॉड्यूल हातात ठेवतील, आणि ते वाईट असतं असं नाही. फक्त त्यातली बरीचशी लो दिल्यावर चालू होणारी असतात, म्हणजे सगळं उलटं. तिथे सेटअपमध्ये आधी पिनेवर हाय लिहायचं आणि मग पिनमोड आउटपुट करायचा, उलट क्रमानं केलं तर अर्डुइनोवर मधल्या क्षणी पिन लो होते आणि रिले टिक करून जातो.

दुसरं, लो ट्रिगरच्या काही स्वस्त एकेरी मॉड्यूलमध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पार्ट) नसतो, नुसता पीएनपी ट्रान्झिस्टर ५ व्होल्टवर बसवलेला, त्याला ईएसपीचे ३.३ व्होल्ट म्हणजे "पूर्ण हाय" वाटतच नाही, तो बंद होतच नाही. बंद न होणारा रिले! अशा मॉड्यूलसोबत तासभर डोकं फोडण्यापेक्षा वरचं चार पार्टचं सर्किट लवकर होतं.

आणि ज्यात ऑप्टोकपलर आहे त्यावर बरेचदा जेडी-व्हीसीसी नावाचा एक जंपर असतो. तो लावलेला असेल तर कॉईल आणि कंट्रोलर एकाच सप्लायवर, ऑप्टो नुसता शोभेला. जंपर काढून कॉईलला वेगळा सप्लाय आणि वेगळं ग्राउंड दिलं तरच त्या बाजू खऱ्या वेगळ्या होतात.

चार-पाच रिले लागणार असतील तर यूएलएन२००३ घ्या, आत सात ट्रान्झिस्टर, बेसचे रेझिस्टर, डायोड सगळं. ९ नंबरची पिन रिलेच्या प्लसला जोडायची, ती विसरलात तर आतले डायोड असून नसल्यासारखे. फक्त या चिपमध्ये जवळपास एक व्होल्ट खर्च होतो, ५ व्होल्टच्या रिलेला चारच उरतात, सप्लाय जरा खाली आला की रिले थरथरतो. यूएलएन घेतला की १२ व्होल्टचाच रिले, हे समीकरण पाठ करा.

सप्लाय

५ व्होल्टचे चार रिले एकदम चालू म्हणजे २८५ मिलीअँपिअर. ऊनोला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून त्याच्या ५ व्होल्टच्या पिनेतून हे घेतलंत तर बोर्डवरच्या रेग्युलेटरमध्ये ७ व्होल्ट गुणिले ०.२८५, म्हणजे दोन वॅट नुसती उष्णता. बोट ठेवून बघा, ठेववणार नाही. रिलेला वेगळा सप्लाय द्या, ऑप्टोवालं मॉड्यूल नसून आपलं ट्रान्झिस्टरचं सर्किट असेल तर दोन्हीचं ग्राउंड मात्र एकत्र जोडा, नाहीतर बेसच्या करंटला परतीची वाटच नाही. ग्राउंडची वायर रिलेकडून वेगळी आणि कंट्रोलरकडून वेगळी आणून सप्लायपाशीच जोडायची, आणि रिलेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाकायचा.

आता २३० व्होल्ट, म्हणजे गंमत संपली

इथून पुढे एमसीबी खाली, प्लग हातात दिसेल असा बाहेर काढून ठेवलेला, आणि मग हात लावायचा. निऑनच्या टेस्टरवर भरवसा ठेवून "बंद आहे" ठरवू नका, मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम, पण तो अर्थकडे गळती झाली तरच पडतो, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलंत तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे एक बल्ब. वायरिंगची सवय नसेल तर इथून पुढचं काम वायरमनला सोबत घेऊन करा, त्यात कमीपणा काही नाही.

झीरो पीसीबीची गोष्ट राहिली होती. तो निळा रिले पालथा करून बघा, कॉमनची पिन दोन्ही कॉईलच्या पिनांच्या बरोबर मध्ये असते! कॉईलच्या दोन पिना १२ मिलिमीटर लांब, म्हणजे २३० व्होल्टचा फेज तुमच्या ५ व्होल्टपासून दोन्ही बाजूंना सहा-एक मिलिमीटरवर, आणि झीरो पीसीबीवर तेवढ्या जागेत तांब्याचे दोन ठिपके. सोल्डरचा एक ओघळ, थोडा फ्लक्स, पावसाळ्यातला ओलावा, आणि फेज सरळ तुमच्या यूएसबीतून लॅपटॉपवर. मी झीरो पीसीबीवर २३० व्होल्ट आणतच नाही आता. करायचंच असेल तर कॉमनच्या आजूबाजूचे ठिपके ब्लेडनं खरवडून काढा, शक्य तिथे बोर्डाला खाच पाडा, दोन घरांमध्ये ६ ते ८ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि मोठ्या करंटची वायर थेट रिलेच्या पायाला आणा, ठिपक्यांच्या रांगेवरून १० अँपिअर जात नसतात. ब्रेडबोर्ड आणि २३० हा विषय चर्चेचा नाही.

रिलेनं फेज तोडायचा, न्यूट्रल नाही. न्यूट्रल तोडला तर मोटर बंद दिसते पण आतपर्यंत फेज उभा असतो, हात लावणारा गेला. फ्यूजसुद्धा फेजवर, रिलेच्या आधी. वायर रिलेपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची, मोटरला अडीचची. स्क्रू टर्मिनलमध्ये घालायच्या तारांना सोल्डर लावून कडक करू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू ढिला होऊन तापायला लागतो, थिंबल दाबून घाला.

१० अँपिअर म्हणजे कुणाचे १० अँपिअर

रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हे हीटर किंवा साध्या बल्बसारख्या लोडसाठी. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे ३०-४०. त्या क्षणी कॉन्टॅक्ट टेकून किंचित उसळत असतात, ठिणगीत धातू वितळतो आणि चिकटतो. एलईडी बल्बांची मोठी माळ, एसएमपीएस, हेही असेच, चालू होताना कपॅसिटर भरायला एकदम करंट घेतात. आणि ज्याला सोलर पॅनलचा शंभर-दीडशे व्होल्ट डीसी तोडायचाय त्यानं या रिलेकडे बघूच नये, एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते, डीसीची जळतच राहते.

म्हणून मोटरला काँटॅक्टर. छोट्या रिलेनं फक्त काँटॅक्टरची २३० व्होल्टची कॉईल, म्हणजे ए-वन ए-टू, चालू-बंद करायची, मोटरचा करंट काँटॅक्टर बघेल. घेताना एसी-३ रेटिंग बघा, तेच मोटरसाठीचं, ९ अँपिअर एसी-३ चा काँटॅक्टर एक एचपीला भरपूर झाला. मोटरच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आहे तसाच राहू द्या, त्याचं काम आपला कंट्रोलर करत नाही.

काँटॅक्टरची कॉईलसुद्धा कॉईलच आहे, पण एसीवरची, तिथे डायोड चालत नाही, तिथे स्नबर लागतो: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, कपॅसिटर एक्स-२ लिहिलेलाच, २७५ व्होल्ट एसीचा. हा स्नबर ए-वन ए-टू वर लावा, रिलेच्या कॉन्टॅक्टवर नको. कॉन्टॅक्टवर लावला तर रिले बंद असतानाही ०.१ मायक्रोफॅरडमधून सात मिलीअँपिअर गळत राहतात, एलईडी बल्ब मिणमिणतो, छोटा काँटॅक्टर गुणगुणतो, आणि बंद समजून हात लावणाऱ्याला झिणझिण्या. स्नबर नसेल तर काँटॅक्टर सुटताना ईएसपी हँग होतो, लोक कोडमध्ये आठवडाभर बग शोधतात आणि बग तारेत असतो.

याच कॉईलच्या वायरमध्ये मी आता टाकीतला फ्लोट स्विच सिरीजला टाकलाय, टाकी भरली की तो उघडतो आणि काँटॅक्टर पडतो, मग रिले चिकटू दे, कोड झोपू दे. फ्लोट तयार केबलसकट सीलबंद, २३० साठी बनवलेलाच घ्या, पाण्यात घरगुती जुगाड अजिबात नको. आणि हाताचा एक साधा खटकाही त्याच वायरमध्ये, घरातल्या कुणालाही मोबाईल न शोधता मोटर बंद करता आली पाहिजे.

कोडमध्ये चारच गोष्टी

सुरुवातीला पिन बंद अवस्थेत लिहून मग आउटपुट. लाईट आल्यावर पाच मिनिटं काहीही झालं तरी मोटर सुरू करायची नाही, व्होल्टेज स्थिर होऊ दे. आमची टाकी २५ मिनिटांत भरते, म्हणून ३५ मिनिटं झाली की सेन्सर काहीही म्हणो, बंद, आणि मी स्वतः बटण दाबेपर्यंत परत चालू नाही. वॉचडॉग चालू ठेवा, ऊनोवर जास्तीत जास्त ८ सेकंदांचा असतो, कोड अडकला की बोर्ड रिसेट होईल, आणि आपण रिसेट म्हणजे बंद असंच सर्किट बनवलंय.

वायफाय गेलं तर मोटर बंद करायची की चालू राहू द्यायची यावर आमच्या घरी वाद आहेत. मी बंद करतो.

टेस्टिंग, घाई न करता

आधी २३० शिवाय. एनओ आणि कॉमनवर १२ व्होल्टचा एक एलईडी लावा आणि छळ सुरू करा. रिसेट वीस वेळा दाबा. अडॅप्टर काढा, घाला, अर्धवट घाला, हलवा. प्रोग्राम अपलोड करा. कंट्रोलरकडून बेसकडे जाणारी वायर उपटा. कंट्रोलरचा सप्लाय बंद आणि रिलेचा चालू, मग उलटं. या सगळ्यात एलईडी एकदाही लुकलुकायला नको, आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, कारण डोळ्यांना न दिसलेली लुकलुक काँटॅक्टरला मात्र दिसू शकते. तासभर चालू ठेवून ट्रान्झिस्टरला हात लावा, कोमट चालेल, चटका नको.

मग २३०, पण मोटर न जोडता, फक्त काँटॅक्टर, आणि वायरमनकडे असतो तो सिरीज बोर्ड मध्ये घालून, म्हणजे १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब नुसता भक्कन पेटेल, बाकी काही जळणार नाही. एवढं झालं की सिरीज बोर्ड काढा, झाकण बसवा, केबलला ग्लँड लावा, बॉक्स पत्र्याचा असेल तर त्याला अर्थिंग, आणि मग मोटर जोडा.

शेवटची परीक्षा मोटर चालू असताना. घरातल्या कुणालातरी मेन एमसीबी पाडायला सांगा, दहा सेकंद थांबून परत चढवायला सांगा, तुम्ही काँटॅक्टरजवळ कान लावून उभे राहा. मी ही परीक्षा सलग पंधरा वेळा घेतली, बायको शेवटी शेवटी फ्रीजकडे बघून चिडली, पण एकदाही टिक आली नाही. मग काकूंना सांगून आलो, पुढच्या वर्षी वाळवण आमच्याच गच्चीवर घाला.